कुमार ऐकायचे, तर आधी काय ऐकायचं?



विषय कळवला तेव्हा बिरवाडीच्या या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांपैकी एकानं फोनवर जरा काळजीनंच विचारलं, ‘‘शास्त्रीय संगीत? लोक बसतील का?’’ काळजी रास्त आहे. म्हणून आधीच सांगतो, रागदारी शिकवायला मी आलेलो नाही. एका माणसानं आयुष्यभर जे गाऊन ठेवलं, जे तबकड्यांतून कॅसेटींत आणि कॅसेटींतून तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आलं, त्यातलं आधी काय ऐकावं आणि काय मागं ठेवावं, एवढंच बोलणार आहे. तरुण मुलं हे फार विचारतात. कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं, कुमार गंधर्व ऐक. मुलगा बिचारा ऐकायला बसतो. त्यातलं एक काहीतरी लावतो. गाणं मध्येच कुठून तरी सुरू झाल्यासारखं वाटतं, आवाज एकदम वर जाऊन तुटतो, मग नुसता तंबोरा, मग पुन्हा एक झटका. पाच मिनिटांत तो बंद करतो आणि म्हणतो, हे विक्षिप्त आहे.

त्याचं काही चुकत नाही. कुमारांच्या हयातीत जाणकार म्हणवणाऱ्यांनीही हेच म्हटलं होतं. ख्याल म्हणजे संथ आलापानं सुरुवात, एकेक स्वराची पायरी चढत बढत, शेवटी ताना, असा शिरस्ता. आणि हा माणूस पहिल्या दोन-तीन आवर्तनांतच रागाचं वर्म पुढ्यात ठेवून मोकळा होतो. एखादी चीज दहा मिनिटांत आटोपतो. कुठलं घराणं म्हणाल तर सांगत नाही. स्वतःच लिहितो, स्वतःच चाल बांधतो, स्वतःच गातो, आणि लिहितो तेही माळव्याच्या बोलीत.

या शेवटच्या गोष्टीचं आपल्याकडं तरी कुणाला नवल वाटू नये. महाड-पोलादपूरच्या वाड्यावाड्यांवर जाखडीचा फड रंगतो तेव्हा शक्तीवाला आणि तुरेवाला शाहीर आपलं गाणं स्वतः रचतो, चाल लावतो, समोरच्याचा सवाल ऐकून तिथल्या तिथं जवाब बांधतो. गाणाऱ्यानं दुसऱ्याचं जुनंच गायलं पाहिजे, हा नियम बैठकीच्या गाण्यात कधीतरी घट्ट झाला. जुन्या उस्तादांनी तर चिजा रचल्याच होत्या. कुमारांनी तो रस्ता पुन्हा वाहता केला, म्हणून ते तऱ्हेवाईक ठरले.

चरित्र थोडक्यात सांगतो, कारण ते बऱ्याच जणांना ठाऊक असतं आणि, माझ्या मते, जरा जास्तच ठाऊक असतं. जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगावजवळ सुळेभावी. नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब गायचे. त्या वयातच ‘कुमार गंधर्व’ ही पदवी मिळाली आणि तेच नाव झालं. मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे शिक्षण. देवधर विष्णु दिगंबरांचे शिष्य, पण कुठल्याही घराण्याकडून चांगलं ते घ्यायला कधी न लाजणारे. १९४७ मध्ये भानुमती कंस यांच्याशी लग्न, आणि लगोलग क्षय. कोरड्या हवेसाठी १९४८ च्या जानेवारीत देवासला मुक्काम हलवला. गाणं बंद. पाचेक वर्षं अंथरूण. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध त्याच सुमारास आलं होतं म्हणून जीव वाचला. एक फुप्फुस मात्र जवळपास निकामी झालं. १९५३ च्या आसपास पुन्हा मैफली सुरू. १९६१ मध्ये दुसऱ्या बाळंतपणात भानुमती गेल्या. पुढं वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी विवाह झाला, आणि त्या कुमारांच्या गाण्यातल्या कायमच्या साथीदार झाल्या. १९७७ मध्ये पद्मभूषण, १९९० मध्ये पद्मविभूषण. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच निधन.

आता यातली मेख बघा. क्षय, मृत्यूची चाहूल, त्या आजारपणात कानावर पडलेली नाथपंथी साधूची निर्गुणी भजनं, आणि मग कबीर. ही गोष्ट इतकी पूर्ण आहे, इतकी सिनेमासारखी आहे, की कुमार ऐकायचे म्हटलं की प्रत्येक जण आधी निर्गुणी भजनांची तबकडीच हातात देतो. मी आज याच्याविरुद्ध बोलायला उभा आहे. निर्गुणी भजनं ऐकू नका असं मी म्हणत नाही. आधी ऐकू नका, असं म्हणतो.

का? एक कारण सगळ्यांना लागू आहे. त्या भजनांपासून सुरुवात केली की कुमार म्हणजे वैराग्य, कुमार म्हणजे एकाकी हंस, अशी मूर्ती मनात बसते आणि पुढचं सगळं गाणं त्या मूर्तीच्या सावलीत ऐकलं जातं. प्रत्येक तुटलेली तान आजारी फुप्फुसाची वाटायला लागते. तान तुटते ती दम संपला म्हणून, असं मानणाऱ्यानं ती कुठं तुटते ते नीट ऐकलेलं नाही. ती जिथं सोडलेली असते तिथून पुढचा स्वर तुमच्या कानात आपोआप वाजतो. गाणाऱ्यानं तो मुद्दाम तुमच्यावर सोपवलेला असतो. दम कमी होता हे खरंच. पण कमी दमात काय काय बसवता येईल याचा विचार करणारं डोकं आजारानं दिलेलं नव्हतं.

दुसरं कारण खास आपल्या भागाचं. पोलादपूरकडं तर घरटी वारकरी. आपल्या कानाला भजन म्हणजे टाळ, पखवाज, धृपद उचलणारे टाळकरी. ज्ञानेश्वरांची गुरुपरंपरा निवृत्तिनाथांकडून गहिनीनाथांकडं, म्हणजे नाथपंथातच जाते. तेव्हा शून्य, गगन, सद्गुरू, हंस हे शब्द आपल्याला परके नाहीत. म्हणूनच धोका आहे. कुमारांचं भजन लागलं की आपला कान त्यात आपलं भजन भरून घेतो. जिथं त्यांनी मोकळी जागा ठेवलीय तिथं आपण मनातल्या मनात टाळ वाजवतो, डोळे मिटतो, माना डोलावतो, आणि आपण कुमार ऐकले असं समजून उठतो. ओळखीचं वाटणं आणि ऐकणं यांत फरक असतो.

मग सुरुवात कुठं करायची? बहुतेक मराठी घरांत एक उत्तर आधीपासूनच तयार असतं: ‘ऋणानुबंधाच्या’. बाळ कोल्हटकरांच्या ‘देव दीनाघरी धावला’ या नाटकातलं, वाणी जयराम यांच्याबरोबर गायलेलं. गोड आहे, यात वाद नाही. पण ते शब्द कोल्हटकरांचे, चाल वसंत देसाईंची. कुमार तिथं पाहुणे आहेत. पाहुण्या घरी माणूस जपून बसतो.

मी सुरुवात सुचवतो माळव्याच्या लोकगीतांपासून.

अंथरुणाला खिळलेल्या त्या वर्षांत कुमारांना गाता येत नव्हतं, ऐकता मात्र येत होतं. देवासच्या रस्त्यावरून जाणाऱ्या बायकांची गाणी कानावर पडत: लग्नाची, सणाची, ऋतूंची, देवीच्या टेकडीकडे जाताना म्हणायची. संगीताच्या पंडितांनी ज्याकडं ढुंकून पाहिलं नसतं, ते त्यांनी टिपलं. बरं वाटू लागल्यावर गोळा केलं, माळव्याच्या लोकधुनांचा स्वतंत्र कार्यक्रम केला, आणि त्यातली कित्येक गाणी स्वतःच्या आवाजात गाऊन ठेवली. ती आधी ऐका. दोन-तीन मिनिटांचं एकेक गाणं. तिथं कुमार दुःखी नाहीत, जोगी नाहीत. तिथं नणंद-भावजय आहे, माहेराला निघालेली मुलगी आहे, चेष्टा आहे, हट्ट आहे. आवाजात खट्याळपणा इतका की पुढं निर्गुण ऐकताना तुम्हाला तोच माणूस ओळखू येईल.

आणि लगेच, त्याच बैठकीत, त्या धुनांतून निघालेले राग ऐका. हे महत्त्वाचं आहे, त्यामुळं जरा थांबतो.

लोकगीताच्या चालीत बहुधा चार-पाचच स्वर असतात. वरच्या सप्तकापर्यंत ती जात नाही, तिला गरज नसते. पण त्या चार-पाच स्वरांचं आपसांत एक ठरलेलं वागणं असतं: हा स्वर नेहमी त्याच्यानंतर येणार, इथं थोडं टेकणार, तिथून घसरणार. ते वागणं धरून ठेवलं आणि त्याला बाकीचं सप्तक मोकळं करून दिलं, तर त्यातून राग उभा राहतो, असं कुमारांचं म्हणणं. बारा स्वरांची गणितं मांडून नवा राग ‘बनवणं’ त्यांना मान्य नव्हतं. राग धुनेत असतोच, तो शोधून काढायचा. म्हणून अशा रागांना त्यांनी ‘धुनउगम’ म्हटलं. मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी, मधसुरजा, निंदियारी, अहिमोहिनी, अशी ती मंडळी. अहिमोहिनी गारुड्याच्या पुंगीच्या धुनेतून आलेला. या सगळ्यांच्या चिजा, स्वतः रचलेल्या इतर अनेक बंदिशींसह, स्वरलेखन करून त्यांनी ‘अनूपरागविलास’ या ग्रंथात दिल्या. पहिला भाग १९६५ मध्ये मौज प्रकाशनानं काढला, दुसरा त्यांच्या मृत्यूनंतर आला.

त्यातला मधसुरजा घ्या. राग दुपारचा, सूर्य डोक्यावर असतानाचा. त्यातल्या चिजेत बोलतोय कोण, तर बळी द्यायला नेलेला बोकड. आईला हाक मारतोय. ख्यालाच्या शब्दांत साधारण काय असतं? पिया, सास, ननद, पनघट, मंदिर. इथं एक जनावर जीव वाचवायला विनवतंय, आणि ते शब्द शिस्तीत तालात बांधलेले आहेत, गळा काढलेला नाही. गावदेवीच्या जत्रेत वाढलेल्या आपल्या माणसाला हे समजावून सांगायला लागणार नाही. पुण्या-मुंबईच्या श्रोत्यापेक्षा तुमच्या अंगावर हा राग लवकर येईल, असा माझा अंदाज आहे. ऐकून बघा, आणि चूक ठरलो तर पुढच्या वर्षी बोलावू नका.

यानंतर पाऊस. कुमारांनी रात्रभराच्या मैफलीऐवजी एका विषयाभोवती गुंफलेले कार्यक्रम सुरू केले. ‘गीत वर्षा’, ‘गीत हेमंत’, ‘गीत वसंत’ हे ऋतूंचे. ‘त्रिवेणी’त कबीर, सूरदास, मीरा. एकट्या गौड मल्हारावर ‘गौड मल्हार दर्शन’, एकट्या तुलसीदासांवर एक, होरीवर एक. आजच्या भाषेत ज्याला संकल्पनेवर आधारलेला अल्बम म्हणतात, ते या माणसानं साठच्या दशकात रंगमंचावर बसून केलं. अशा कार्यक्रमात एक चीज सुटी ऐकायची नसते. मागचीनं पुढचीसाठी जागा केलेली असते. मोबाइलवर एखादाच तुकडा ऐकण्याची सवय झालेल्या मुलांना माझी विनंती, ‘गीत वर्षा’ अख्खं ऐका, क्रम न मोडता. लोकगीतं आणि बंदिशी त्यात एकाच माळेत ओवल्या आहेत. खेड्यातली बाई आणि दरबारातला मल्हार शेजारी शेजारी बसतात.

इथं एक अडचण आहे आणि ती मला टाळायची नाही. माळव्याचा पाऊस वर्षाला सुमारे हजार मिलिमीटर. तिथं पाऊस म्हणजे वाट बघण्याची गोष्ट. आपल्या महाड तालुक्यात त्याच्या तिपटीहून जास्त कोसळतो. २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर दरड आली, सावित्री आणि गांधारी या नद्या महाडच्या बाजारपेठेत शिरल्या, काळ नदीनं इथं बिरवाडीत काय केलं ते तुम्ही पाहिलंय. त्यानंतर पावसाची गाणी आपल्या भागात कुणी कशी ऐकावीत? मला स्वतःला एक पावसाळाभर ‘गीत वर्षा’ लावावंसं वाटलं नाही. पुन्हा लावलं तेव्हा लक्षात आलं की त्यात सगळा आनंदीआनंद नाहीच. उन्हाळ्यानं करपलेली जमीन आहे, घरी न परतलेल्या माणसाची काळजी आहे, अंधारून आल्यावर पोटात उठणारी धास्ती आहे. कुमारांचे मल्हार बरसण्याआधी बराच वेळ दाटून राहतात. काळ नदीच्या काठावरच्या माणसाला ते दाटणं जास्त कळतं.

तिसरा टप्पा, आणि हा खास घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी. ज्यांचा कान नाट्यसंगीतावर पोसला आहे त्यांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ घ्यावं. कुमार लहानपणी नकलेत पटाईत होते हे मी मघाशी सांगितलं. बालगंधर्वांचा आवाज हुबेहूब काढणं त्यांना अवघड नव्हतं. महाराष्ट्रात ते करणारे डझनांनी होते. कुमारांनी ते केलं नाही. बालगंधर्व लयीत शब्द कसा ठेवतात, एकच ओळ परत घेताना काय बदलतात, कुठं मुद्दाम साधे राहतात, हे त्यांनी शोधलं आणि स्वतःच्या आवाजात मांडलं. एकाच पदाची बालगंधर्वांची जुनी तबकडी आणि कुमारांचं गाणं लागोपाठ लावा. थोर माणसाची आठवण ठेवायची ती कशी, याचा याहून चांगला वस्तुपाठ मला माहीत नाही. 

‘तांबे गीत रजनी’बद्दल मात्र माझं मत थोडं थंड आहे. भा. रा. तांब्यांचा देवासशी संबंध, कवितेवर राग-ताल लिहून ठेवणारा तो कवी, सगळं जुळून येतं. काही गाणी फार सुंदर आहेत. तरी कधीकधी असं वाटतं की कवितेचा आदर राखताना गायक नेहमीपेक्षा सभ्य झाला आहे. ते सावकाश ऐका. घाई नाही.

आता मोठे ख्याल. इतकं झाल्यावर श्री, शंकरा, भीमपलास, नंद, मालकंस यांपैकी जे मिळेल ते उघडा. मैफलीतली ध्वनिमुद्रणं स्टुडिओतल्यांपेक्षा बरी, कारण कुमार समोरच्या माणसांकडं बघून गात. ऐकताना एक करा: मोबाइलच्या बारक्या स्पीकरवर ऐकू नका. कानात घालायची साधी यंत्रं चालतील. कुमार तंबोरे स्वतः जुळवत आणि त्यात भरपूर वेळ घालवत. त्यांच्या गाण्यातली शांतता रिकामी नसते, ती त्या तंबोऱ्यांनी भरलेली असते. मोबाइलच्या स्पीकरला तंबोऱ्याचा खर्ज पेलत नाही. तो गेला की उरतात तुटक ताना, आणि मग पुन्हा तोच शेरा, विक्षिप्त.

आणि सगळ्यात शेवटी निर्गुणी भजनं. तोवर तुमच्या कानात माळव्याची पोर हसलेली असेल, बोकड ओरडलेला असेल, पाऊस दाटून आलेला असेल. मग देवासच्या शीलनाथ महाराजांच्या धुनीजवळ पिढ्यान्‌पिढ्या म्हटली गेलेली ती पदं ऐका. तुम्हाला दिसेल की वैराग्य गाणारा हा गायक संसारातल्या बारीकसारीक गोष्टींवर विलक्षण लोभ असलेला माणूस आहे. तो लोभ माहीत नसेल तर त्या भजनांतलं सोडून देणं कळत नाही. सोडायला हातात काहीतरी असावं लागतं. आणखी एक. त्या भजनांत कुमारांच्या मागे जो दुसरा आवाज येतो, तो वसुंधरा कोमकलींचा. तो नुसती साथ म्हणून ऐकू नका. कुमारांनी सोडून दिलेला स्वर बऱ्याचदा त्या धरून ठेवतात, म्हणून तर त्यांना तो सोडता येतो. २०१५ मध्ये त्या गेल्या. त्यांच्यावर मराठीत जितकं लिहून यायला हवं होतं तितकं आलेलं नाही, आणि याला आपल्यासारखे लिहिणारेच जबाबदार आहेत.

२०२४ मध्ये जन्मशताब्दी झाली, कार्यक्रम झाले, लेख आले. वाचायचं असेल तर वाशीला झालेल्या शिबिरातल्या त्यांच्या बोलण्याचं ‘मुक्काम वाशी’ हे पुस्तक वाचा; बंदिश म्हणजे काय हे त्यात ते गाऊन, चिडून, हसून सांगतात. ‘अनूपरागविलास’ हे तर आपल्यासारख्या ठिकाणच्या ग्रंथालयानं घ्यावंच. कार्यकर्त्यांना मी तसं आधीच सांगितलंय. इथल्या भजनी मंडळांत स्वरलेखन वाचून पेटी वाजवणारे दोघं-तिघं तरी नक्की असतील. त्यांनी त्यातली मालवतीची एक छोटी चीज बसवावी. कुमारांसारखी नको. टाळ घ्या, पखवाज घ्या, आपल्या पद्धतीनं म्हणा, आणि कुठं अडतं ते बघा. माझा अंदाज, दुसऱ्या ओळीच्या शेवटाला अडेल, कारण तिथं आपल्याला धृपद उचलायची घाई होणार.